वाळलेली कयाक

"मग आता थेंबही आत येणार नाही ना, बाबा?"

हमजाबाबा कयाकेशी उकिडवे बसले होते.

उजव्या हाताचा अंगठा दोन फळ्यांच्या जोडावरून हळूहळू सरकत होता, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा.

सुनेत्रा त्या अंगठ्याकडे बघत उभी. दहावीच्या निकालाचीही तिने एवढी वाट पाहिली नव्हती.

केवडजुवा म्हणजे खाडीच्या पोटातलं पाऊणशे घरांचं बेट. बेटाच्या टोकाला एक पीर, आणि पिराशेजारी हमजाबाबांची झोपडी. फकिरी घ्यायच्या आधी बाबांनी पस्तीस वर्षं गलबतांच्या फटी भरल्या होत्या. आता ते पिराला दिवा लावत, आणि कुणी बोलावलं तर होडीवरून हात फिरवून देत. शिकवत मात्र कुणाला नसत. सुनेत्राने पिच्छाच पुरवला म्हणून तिला तेवढं शिकवलं होतं. जोड उकरायचा कसा, कापसाची वात उंडीच्या बियांच्या तेलात भिजवून आत बसवायची कशी, वरून चुन्या-तेलाचा लेप द्यायचा कसा.

"आठ दिवसांचं काम आहे," असं ते तेव्हा म्हणाले होते.

तिने एक्केचाळीस दिवस घेतले.

घेणारच. होडी का साधी होती! फिरायला येणाऱ्या पाहुण्यांच्या प्लॅस्टिकच्या कयाकी बघून तिच्या सासऱ्यांनी तशीच एक सागाच्या फळ्यांची केली होती. अरुंद, दोन्हीकडे निमुळती, एका माणसापुरती. सासरे गेले, कयाक राहिली. आणि आता त्या कयाकेत रेणू बसणार होती.

रेणू तिची मुलगी, अकरा वर्षांची. शाळा पलीकडच्या काठावर. नवरात्रात पोरांना पलीकडे नेणाऱ्या तरीवाल्या काकांनी सांगून टाकलं होतं की गुडघे गेले, दिवाळीपर्यंतच होडी चालवेन. मग जुव्यावरच्या पोरांनी आपापल्या होड्या काढल्या. रेणूचा बाप जहाजावर, आणि नेमकी शाळेच्याच वेळेला सुनेत्राची अंगणवाडी. म्हणजे सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडली की रेणूने एकटीने कयाक वल्हवत पलीकडे जायचं. नाहीतर चिपळूणला आत्याकडे राहायचं. आत्याने खिडकीजवळचा पलंगसुद्धा रिकामा करून ठेवला होता.

पलंगाचं ऐकल्यापासून सुनेत्राला ती खिडकी स्वप्नात दिसत होती.

आणि आज गुरुवार.

बाबांचा अंगठा थांबला.

"कितीदा भरलीस?"

"पाचदा." सांगताना तिचा आवाज जरा चढलाच. "पहिली भरली, वाळवली. चार दिवसांनी बघते तर बाजूला केसाएवढी फट. ती भरली. परत वाळवली. परत दिसली... मी सोडलं नाही, बाबा. लाकडी मोगरीने ठोकठोकून भरली. आता सुईसुद्धा जायची नाही."

"वाळवलीस कुठे?"

"अंगणात. कडकडीत उन्हात. एक दिवस चुकवला नाही."

कुंपणापलीकडून येसूवहिनी हंडा घेऊन चालली होती. ती थबकली.

"बाबा, तुम्हीच सांगा हो हिला. पोरगी लग्नाची झाली की उतरवणार वाटतं ही होडी पाण्यात! सासरी जाईल तीत बसून."

"वहिनी, तुमचं पाणी सांडतंय," सुनेत्रा म्हणाली.

"माझं सांडतंय तेवढं बरंय. तुझ्या होडीला तर दिसलंच नाही." येसूवहिनी गेली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं,

"पाण्यासाठी काय ठेवलंस?"

"म्हणजे?"

"या जोडात. पाण्यासाठी काय ठेवलंस?"

"काहीच नाही!" सुनेत्रा अभिमानाने म्हणाली.

...

बाबा उठले. गुडघ्यावरची माती झटकली.

"बुडव," ते म्हणाले.

"काय?"

"आत दगड भर. पिराच्या पायऱ्यांशी कमरेएवढं पाणी असतं. तिथे बुडव."

"बाबा, सोमवारी शाळा आहे!"

"म्हणूनच आज सांगतोय."

सुनेत्राने पुस्तकं वाचली होती. गुरू असली काहीतरी उलटी आज्ञा करतात आणि शिष्याने ती निमूट पाळायची असते, हे तिला वाचून ठाऊक होतं. पुस्तकातल्या शिष्यांना पोरंबाळं नसतात, हेही तिच्या लक्षात आलं होतं.

तरी तिने दगड भरले.

रेणू वर पायरीवर बसून बघत होती. पहिला दगड, दुसरा, दहावा. कयाक काठाशी आली, क्षणभर रेंगाळली, मग बुडबुडे सोडत खाली गेली.

"आई, आपण ती गळू नये म्हणून दुरुस्त केली ना?"

"हो."

"आणि आता बुडवली."

"हो."

"बरं," रेणू म्हणाली, आणि शेंगदाणे खाऊ लागली.

शुक्रवारी अंगणवाडी सुटली तशी सुनेत्रा पायऱ्यांवर येऊन बसली. ओहोटी लागली होती. हिरवट पाण्याखाली कयाक दिसत होती, मधेच हलल्यासारखी वाटत होती. जाळ्यातला मासा काढावा तशी ती एका झटक्यात उचलून घरी न्यावी, असं तिला वाटत होतं. बाबा झोपडीच्या दारात दिव्याच्या वाती वळत बसले होते.

आणि पाण्यातून आवाज आला.

कट्.

फार मोठा नाही. कुणी पाण्याखाली सुपारी फोडावी एवढा.

सुनेत्रा साडीसकट पाण्यात उतरली. दगड उपसले. रेणूने एक बाजू धरली, तिने दुसरी. कयाक वर आली तेव्हा तिच्या पोटाची एक फळी आतल्या बरगडीसारख्या वाकणीपासून सुटून बोटभर बाहेर आली होती. दोन खिळे दात पडल्यासारखे लोंबत होते. त्या फळीच्या दोन्ही अंगांना तिचा पाच वेळा भरलेला जोड मात्र दगडासारखा शाबूत होता.

ती पायरीवर बसली. साडीतून पाणी गळत होतं.

"तुम्ही मोडलीत," ती म्हणाली. "चांगली होती. तुम्ही बुडवायला लावली... आता पाठवू मी पोरीला चिपळूणला. झालं समाधान?"

बाबा पायऱ्या उतरून खाली आले. सुटलेल्या फळीवर त्यांनी हात ठेवला.

"लाकूड पाणी प्यायलं," ते म्हणाले. "प्यायलं की फुगतं. दोन्हीकडे सरकायला जागा शोधतं. तू जागा ठेवली नाहीस. मग ते बाहेर पडलं."

...

सुनेत्राला हे माहीत नव्हतं असं नाही. पावसाळ्यात घराचं दार अडकलं की ओलं लाकूड फुगतं, असं तीच तर अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना समजावून सांगायची. दरवर्षी सांगायची.

"पण फटी तर होत्या, बाबा. रोज नव्या दिसत होत्या. मी डोळ्यांनी पाहिल्यात."

"असणारच. उन्हात कोण ठेवत होतं?"



एक्केचाळीस दिवस. सकाळी सात वाजता सावली सरकली की ती कयाक सरकवायची, ऊन सुटू नये म्हणून. लाकूड आकसत होतं, फट पडत होती, ती ठोकून भरत होती आणि परत उन्हात ओढत होती.

"मला वाटलं, काळजी घेतेय," ती हळूच म्हणाली.

"घेत होतीस," बाबा म्हणाले. त्यांनी पटाशी तिच्या हातात दिली. "उद्या सकाळी ये. सगळं काढ."

"सगळं?"

"सगळं."

शनिवारी तिने सगळं काढलं.

भरायला एक्केचाळीस दिवस लागले होते, उकरायला दुपारपर्यंतचा वेळ लागला. कापूस लोखंडासारखा झाला होता. तो निघताना फळीच्या कडेचा ढपलाही निघे, आणि दर ढपल्याला ती हात थांबवून बाबांकडे बघे. बाबांनी सुटलेली फळी तांब्याच्या नव्या खिळ्यांनी बसवली. मग एक वात तेलात बुडवून तिच्यापुढे धरली.

तिने मोगरीकडे हात नेला.

बाबांनी मोगरी उचलली आणि मागे झुडपात टाकून दिली.

"अंगठ्याने," ते म्हणाले.

"अंगठ्याने राहील?"

"ठेव."

तिने वात ठेवली. अंगठ्याने दाबली. इतकी हलकी बसली की फुंकरीने उडेल. दुसरी ठेवली. तिसरी. वरून पातळ लेप. पूर्ण झाल्यावर ती आत वाकली.

"बाबा, पलीकडचा उजेड दिसतोय..."

"किती?"

"दोऱ्याएवढा."

"दिसू दे."

"यातून पाणी येईल!"

"येईल."

"माझी मुलगी बसणार आहे यात, बाबा."

"मला माहितीय कोण बसणार आहे," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा कठीण झाला.

त्या संध्याकाळी कयाक परत बुडवली. या वेळी दगड रेणूनेच भरले. मधेच एक खेकडा निघाला, त्याला तिने बाजूला ठेवलं आणि दगड भरतच राहिली. सुनेत्रा बोटं मोडत वर उभी होती. आत्याचा फोन आला. "अगं, ठरलं का? मी चादर आणू का नवी?" सुनेत्रा म्हणाली, "सोमवारी सांगते." आत्या म्हणाली, "फुलांची आणते." फोन ठेवल्यावर सुनेत्राच्या लक्षात आलं की आपण 'नको' म्हटलेलं नाही.

रविवार सबंध गेला. आवाज आला नाही.

सोमवारी सकाळी भरती पुरी झाली होती आणि ओहोटी अजून लागायची होती. या अर्ध्या तासात खाडी ताटातल्या दुधासारखी निवांत असते. बाकीची पोरं जेट्टीवरून केव्हाच निघून गेली होती. बाबांनी आणि सुनेत्राने कयाक वर काढली, उपडी केली, पाणी ओतून दिलं, परत सरळ करून पाण्यावर ठेवली.

ती तरंगली.

सुनेत्रा आत वाकली. दोऱ्याएवढा उजेड गेला होता. फळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पण दोन जागी, कपाळावर घाम यावा तसं, पाणी डवरत होतं. बघता बघता त्याचा एक ओघळ झाला आणि तळाशी जाऊन बसला.

"येतंय, बाबा."

"अजून पितेय ती."

"किती दिवस पिणार?"

"चार. आठ. तिला विचार."

"मग आठ दिवस थांबू या. मी शाळेत चिठ्ठी देते. ताप आलाय म्हणून."

"मला कुठे ताप आलाय?" रेणू म्हणाली. दप्तर तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुढे कोंबलं होतं. नारळाची करवंटी पायाशी ठेवली होती.

"तू गप्प बस."

"आई, सगळ्यांच्या होडीत येतं पाणी. पिंट्याच्या होडीत तर मासे येतात."

"बाबा, तुम्ही सांगा तिला. आज नको म्हणून सांगा." सुनेत्राने हात जोडले नाहीत एवढंच. "तुम्ही म्हणालात तर ऐकेल ती."

बाबांनी पाण्याकडे बघितलं. मग आकाशाकडे. मग रेणूकडे.

"पाणी घोट्याला लागलं की काय करशील?"

"वल्हं आडवं ठेवीन. काढून टाकीन."

"आणि कयाक उलटली तर?"

"तिलाच धरून राहीन. पोहत सुटायचं नाही."

"जा," बाबा म्हणाले.

रेणू गेली.

पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर. डावं पातं, उजवं पातं. डावं, उजवं. सुनेत्राच्या तोंडून नकळत आकडे निघत होते. सतरा... अठरा... पोरीची पाठ ताठ होती. सासरेही तसेच ताठ बसायचे.

तेविसाव्याला पातं वर गेलं आणि तिथेच राहिलं.

कयाक थांबली. रेणू खाली वाकली.

"काय झालं? रेणू! काय झालं गं?"

एक हात वर आला, पाण्याचा फवारा बाजूला पडला. परत वाकली.

"पाणी काढतेय," बाबा म्हणाले.

"एवढा वेळ?"

"पाच करवंट्या झाल्या."

"बुडतेय ती! बाबा, बुडतेय..."

पायऱ्यांशी एकच होडी होती. बाबांची. तिवरांच्या झाडांच्या सावलीत, काठावर ओढून बारा महिने बांधलेली असे. सुनेत्राने तिच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं. आता तिने दोरी सोडली आणि बाबांकडे वळली. बाबा अडवतील, खांद्याला धरतील, काहीतरी शहाणपणाचं बोलतील, असं तिला वाटलं. त्यांना ढकलून जायची तिची तयारी होती.

बाबांनी अडवलं नाही. उलट वल्हं आणून दिलं. होडीला मागून जोर लावला.

"जा," ते म्हणाले.

तिने चार वल्ही मारली. पाचव्याला पावलं गार पडली.

तिने खाली बघितलं. पाणी तळातून भसाभस वर येत होतं. घोट्यापर्यंत आलं सुद्धा. एक जुना डबा तरंगत तिच्या पायाला लागला. तिने वल्हं टाकलं, डबा उचलला आणि उपसू लागली. एक, दोन, दहा, वीस. पाणी जरा उतरलं. तिने वल्हं घेतलं, एकदा मारलं, आणि पाणी परत घोट्याला. डबा. वल्हं. डबा. साडी पायात गुंडाळली, केस तोंडावर आले, बांगडी फुटली.

"बाबा! ही बुडतेय!" ती ओरडली.

"काढ पाणी," काठावरून आवाज आला.

"मला रेणूकडे जायचंय!"

"काढ."

तिने काढलं. दुसरं करता येण्याजोगं काही नव्हतंच. दंड भरून आले. पीर, शाळा, चिपळूण, काहीही उरलं नाही. डबा आणि पाणी एवढंच होतं. डबा आणि पाणी.

शाळेची घंटा झाली.

पलीकडून.

सुनेत्राने मान वर केली. रेणू काठावर उभी होती. कयाक ओढून चिखलाबाहेर काढत होती, नाकापासून शेपटापर्यंत, घाई न करता. दोरी खुंट्याला बांधली. दोनदा गाठ मारली. दप्तर पिशवीतून काढलं, पाठीला लावलं.

आता ती वळेल आणि हात करेल, असं सुनेत्राला वाटलं. तिने आपला हात तयारही ठेवला, डब्यासकट.

रेणू वळली नाही. चढ चढून गेली. दिसेनाशी झाली.

...

होडी कुठेही गेली नव्हती. काठापासून फार तर वीस हात. बाबा छातीएवढ्या पाण्यात शिरले, दोरी धरली आणि होडी तिच्यासकट पायऱ्यांशी ओढून आणली.

सुनेत्रा उतरली नाही. भिजलेल्या फळीवर तशीच बसून राहिली. श्वास लागला होता. रडायचं की हसायचं हे ठरत नव्हतं.

"मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "ती पोचली आणि मी बघितलंच नाही, बाबा..."

बाबा लुंगी पिळत होते.

तिची नजर पायाशी गेली. होडीच्या तळाला दोन जोड सरळ उघडे होते. कुजलेले नव्हते. कडा स्वच्छ होत्या, पटाशीने नीट तासून ठेवलेल्या.

"पस्तीस वर्षं तुम्ही लोकांच्या गलबतांच्या फटी बुजवल्यात," ती म्हणाली. "सगळ्या खाडीत तुमच्यासारखा हात नाही. आणि स्वतःची होडी अशी?"

बाबांनी दोरी तिवराला बांधली. गाठ घट्ट आहे का ते ओढून पाहिलं.

"माझी कुठली," ते म्हणाले. "ही पोरांच्या आयांसाठी ठेवलीय."